म्हातारपण, म्युटेशन आणि झोप

प्रश्न : सर, माझं वय ६४. वाचलं की वय वाढतं तशी पेशींमध्ये म्युटेशन, म्हणजे डीएनएतले बदल, साठत जातात आणि त्यातूनच कॅन्सर होतो. मग आमच्या वयाच्या सगळ्यांच्याच अंगात तो सुरू झालेला असतो का? रात्री डोक्यात तेच फिरतं. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही हो, निवांत झोपा. म्युटेशन असतात, भरपूर असतात, पण म्युटेशन म्हणजे कॅन्सर नव्हे. वय झालं की पापण्या लोंबतात आणि काहीजण ऑपरेशन करून जास्तीची कातडी काढून घेतात ना, तर २०१५ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटवाल्यांनी चार जणांची अशी कातडी घेतली, तिचे २३४ बारीक तुकडे करून डीएनए वाचला. कातडी एकदम नॉर्मल, तरी साधारण पाव पेशींमध्ये कॅन्सरला हातभार लावणारी म्युटेशन निघाली! जन्मभराच्या उन्हाचा प्रताप.

आता खरी गंमत अन्ननलिकेची. म्युटेशनमुळे एखादी पेशी जरा जास्त वाढते, शेजारच्यांना रेटून जागा बळकावते, म्हणजे डार्विनची निवड आपल्या घशाखालीच चालू असते म्हणा. उतारवयात नॉच-वन हा जीन बिघडलेल्या पेशी तिथलं बरंचसं अस्तर व्यापून बसतात, पण तिथल्या कॅन्सरच्या गाठींमध्ये हाच बिघाड उलट कमी सापडतो. उंदरांमध्ये तर असंही दिसलंय की अशा दांडगट पेशी नुकत्याच उगवलेल्या बारक्या गाठींनाच हुसकावून लावतात. बिघडलेली पेशी राखणदारी करते, काय म्हणावं!

रक्तातही तेच, सत्तरीनंतर दहातल्या एखाद्याच्या रक्तात एकाच बिघडलेल्या मूळ पेशीची पिलावळ सापडते, पण त्यातून रक्ताचा कॅन्सर होण्याची शक्यता वर्षाला शेकडा एकच्या आसपास किंवा त्याहून कमी. हृदयविकाराचा धोका मात्र वाढतो, म्हणून बीपी-शुगर सांभाळा.

कोणती पेशी वरचढ ठरणार हे भोवतालावरही ठरतं. सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळजवळ नॉर्मल पेशींचं प्रमाण ओढत राहणाऱ्यांच्या चौपट दिसलं, म्हणजे चांगल्या पेशी गेलेली जागा परत मिळवतात. ओढत असाल तर आजच सोडा, उशीर झाला वगैरे काही नाही. आणि हो, ‘सगळे जीन तपासा’ म्हणणाऱ्या महागड्या पॅकेजच्या नादी उगाच लागू नका, त्यापेक्षा घास अडकतोय, तोंडातली जखम तीन आठवडे भरत नाहीये असं काही असेल तर सरळ डॉक्टरांना दाखवा.