पहाटे न फिरणारी किल्ली

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही कारेलीबागेत तीन मजली सोसायटीत राहतो. जिन्याखाली जाळीच्या दाराची खोली आहे, सगळ्यांच्या सायकली तिथेच असतात. मुलीची ट्यूशन सकाळी साडेसहाची, आणि त्याआधी मला कमाटी बागेपर्यंत एक चक्कर मारायची असते. उत्तरायणापासून रोजची कटकट झाली आहे. किल्ली आत जाते, पण फिरत नाही. दुपारी वॉचमन तीच किल्ली लावतो आणि कुलूप टकदिशी उघडतं! सगळ्यांचं म्हणणं असं, की मला किल्ली लावता येत नाही. नवं कुलूप हवं तर मीटिंगमध्ये मांडा, म्हणून सेक्रेटरी मोकळे. तोवर मुलगी रिक्षाने जातेय. काय करू? आणि या खोलीत सायकली कितपत सुरक्षित आहेत, तेही सांगा.
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : किल्ली तुम्हाला लावता येते, काळजी नको. वॉचमनला चहा पाजा आणि सहज विचारा, कुलपात तेल कोणी घातलं आणि कोणतं? डोक्याला लावायचं खोबरेल निघालं नाही, तर पुढच्या अंकात मला खुशाल खोटं पाडा.

खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीतली बडोद्याची पहाट त्याच्या कितीतरी खाली असते. बाथरूममधली तेलाची बाटली सकाळी पांढरी दिसते ना, तेच तुमच्या कुलपात चाललंय. दुपारी जाळीवर ऊन येतं, लोखंड तापतं, तेल पुन्हा पातळ होतं, आणि सगळं श्रेय वॉचमनला.

दांडिया बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी बिघडलेली कुलपं खोलून बसायची, त्यामुळे आतली भानगड चांगली पाहिलेली आहे. किल्ली जिथून आत जाते तिथे वरून छोट्या पितळी पिना उतरलेल्या असतात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, आणि तिच्या डोक्यावर एक नाजूक स्प्रिंग. किल्लीचे दाते पिनांना असे उचलतात, की सगळ्यांचे सांधे एका रेषेत येतात, आणि मगच मधला दांडा फिरतो. अमेरिकेतल्या लायनस येलने १८६१ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आजही रचना तीच आहे. थिजलेल्या तेलात एखादी पिन वरच चिकटून बसली, तर तिला खाली आणायची ताकद त्या स्प्रिंगमध्ये नसते. म्हणून किल्ली आत सुळकन जाते आणि फिरायच्या वेळी अडते. नवतालसारख्या कुलपांत पिनांऐवजी लिव्हरच्या पट्ट्या असतात, पण थिजलेलं तेल त्यांनाही तसंच धरून ठेवतं.

उद्या पहाटे जोर लावू नका, किल्ली पिळवटेल. गरम पाण्याची पिशवी कुलपाला पाच-सात मिनिटं धरून ठेवा आणि मग किल्ली लावा. उघडलं, तर कुलूप शाबूत आहे, फक्त साफ करायचं आहे. मीटिंगची वाट पाहायची गरज नाही.

रविवारी ते घरी आणा. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन मिळतं, त्यात कुलूप तासभर बुडवून ठेवा. गॅलरीत ठेवा हं, स्वयंपाकघरात गॅसजवळ नको. मध्येमध्ये किल्ली आतबाहेर करा. भोक खाली करून हाताच्या तळव्यावर ठोकलंत की काळा राडा बाहेर येईल, तो पाहून मुलीलाही गंमत वाटेल. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी तुमच्या जिन्याखाली शिरलं असेल आणि कुलूप तेव्हाचंच असेल, तर तेलाबरोबर गाळही निघेल. मग हे दोनदा करा. दिवसभर उन्हात वाळू द्या. पूर्ण कोरडं झालं की ६बी पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दात्यांवर चांगलं घासा आणि किल्ली आतबाहेर करा. शिसं म्हणजे ग्रॅफाइट. ते कोरडं वंगण आहे, थंडीत थिजत नाही आणि धूळही धरत नाही. ओल्यावर मात्र घासू नका, लगदा होईल. शिलाई मशीनचं तेल फक्त कुलपाच्या वरच्या कडीला, तेही थेंबभर. डब्ल्यूडी-४० चा फवारा घाण काढायला उत्तम आहे, पण वर्षभराचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. आणि वॉचमनला खोबरेल कुलपाजवळ आणू नका म्हणून सांगा, प्रेमाने.

तुमच्या हातातली किल्ली मूळची आहे का, तेही बघा. बहुतेक सोसायट्यांत नकलेची नक्कल फिरत असते. चावीवाला समोरची किल्ली पाहूनच कापतो, त्यामुळे तिची झीज नव्या किल्लीत उतरते. मूळ किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात राहू द्या. नकला तिच्यावरूनच करायच्या. एक नक्कल तळमजल्यावरच्या अशा घरी ठेवा, जिथे पहाटे कुणीतरी उठलेलं असतंच. वॉचमन चहाला गेला म्हणून मुलीने दाराशी ताटकळत उभं राहायचं कशाला?

कुणीतरी नंबरचं कुलूप सुचवेलच. तीन आकड्यांचं नको. त्यात एकूण हजारच जोड्या होतात. सेकंदाला एक जोडी लावली, तर सगळ्या तपासायला सतरा मिनिटंही लागत नाहीत. घ्यायचंच तर चार आकड्यांचं घ्या. आणि लावताना सगळी चाकं फिरवा, बाई! लोक एकच चाक एक घर पुढे ढकलतात आणि निर्धास्त घरी जातात.

आता सुरक्षिततेचं. चोर कुलपाला हात कशाला लावेल, कोयंड्याचे स्क्रू बाहेरूनच दिसत असतील तर? स्क्रू ड्रायव्हरने कोयंडा निघतो आणि तुमचं कुलूप जागच्या जागी छान बंद राहतं. स्क्रू काढून तिथे गोल डोक्याचे आरपार बोल्ट लावून घ्या, नट आतल्या बाजूला. दाराच्या बिजागऱ्या वेल्डिंगच्या आहेत की स्क्रूच्या, तेही वाकून बघा. आत भिंतीला एक जाड पाइप अँकर बोल्टने बसवा आणि प्रत्येकाने आपली सायकल त्याला बांधावी. या दुरुस्तीला फार खर्च येत नाही. मीटिंगमध्ये मांडायचंच असेल तर हे मांडा. विजेचे मीटर त्याच खोलीत असतील, तर त्यांच्यासमोर सायकल लावू देऊ नका.

प्रश्न : मुलगा गिअरची सायकल घेऊन फतेगंजला क्लासला जातो. मागच्या चाकाचं गोल कुलूप पुरेल का? आणि सायकल चोरीला गेली तर पोलीस तक्रार घेतात का?
— एक आई, निझामपुरा

उत्तर : गोल कुलपाने सायकल चालवत नेता येत नाही, पण उचलून टेम्पोत टाकता येते. गिअरच्या सायकलीचं वजन तुम्हाला माहीतच आहे. यू आकाराचं कुलूप घ्या. ते मागच्या चाकाची रिम आणि एखादा पक्का खांब यांना मिळून लावायचं, पण फ्रेमचा जो मागचा त्रिकोण असतो त्याच्या आतल्या भागात. मग चाकही निघत नाही आणि फ्रेमही. पुढचं चाक लिव्हर फिरवून निघणारं असेल, तर त्यात केबल ओवा. पुढच्या चाकाला कुलूप लावलेल्या सायकली मी रोज पाहते. चोराने चाक तिथेच सोडून बाकीची सायकल नेली, तर कुलपाला बोल कसा लावणार?

पोलिसांचं असं आहे, की जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात चोरीचं कलम ३०३. माल पाच हजारांच्या आतला असेल, तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तुमची सायकल त्याहून महाग असणार, पण ते सिद्ध करणारं बिल कुठे आहे? शोधा आणि फोटो काढून ठेवा. सायकल उलटी करा, पेडलचा दांडा जिथून जातो त्या नळीखाली फ्रेम नंबर ठोकलेला असतो. त्याचाही फोटो काढा. माती बसली असेल, तर जुन्या टूथब्रशने घासा.

प्रश्न : सायकलच्या कुलपात किल्ली तुटली. अर्धी आत आहे.
— विद्यार्थी, प्रतापगंज

उत्तर : उरलेला तुकडा ढकलून आत घालू नकोस, आणि फेविक्विक तर मुळीच नको. किल्ली ज्या स्थितीत आत घातली होतीस, तिथे भोक आणून ठेव, नाहीतर तुकडा निघणार नाही. सुताराकडून बारीक करवतीचं तुटकं पातं माग. दाते बाहेरच्या बाजूला वळलेले ठेवून ते किल्लीच्या कडेने सरकव, किंचित वळव आणि ओढ. तुकडा फेकू नकोस. दोन्ही तुकडे जोडून धरले तर चावीवाला त्यावरून नवी किल्ली कापून देतो.