मॅटलॅबमध्ये (गणिती कामांची प्रोग्रामिंग भाषा) चार मितींच्या अ‍ॅरेची, म्हणजे आकड्यांच्या बहुमितीय तक्त्याची, फक्त पहिली आणि तिसरी साइझ कशी मिळवायची?

साइझ(ए, [१ ३]), ए म्हणजे तुमचा अ‍ॅरे. झालं. मॅटलॅबच्या आर२०१९बी व्हर्जनपासून हे चालतं, दोन्ही आकडे एकाच व्हेक्टरमध्ये मिळतात.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सध्या [ओळी, स्तंभ] = साइझ(ए) वापरताय आणि सर म्हणतात तेवढं पुरे. ते वाचून राहवलं नाही. पुरे नाही! सरांना विचारा, तीन मितींच्या अ‍ॅरेकडे दोनच आउटपुट मागितले तर दुसऱ्यात काय येतं? उरलेल्या सगळ्या मितींचा गुणाकार. ४८० बाय ६४० चा रंगीत फोटो असला (तिसरी मिती म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तीन रंग) की स्तंभ येतो ६४० गुणिले ३, म्हणजे १९२०. एरर नाही, वॉर्निंगही नाही.

पिंपळगाव बसवंतकडच्या एका पॅकहाउसचं काम आमच्याकडे होतं. पट्ट्यावरून द्राक्षांचे घड जाणार, वर कॅमेरा, डाग किती टक्के ते काढायचं आणि जास्त असले तर घड बाजूला. सिनियरने टक्के काढताना खालच्या एकूण बिंदूंच्या आकड्यात हाच स्तंभ घेतलेला, त्यामुळे ९ टक्के डाग ३ टक्के दिसायचे. मी बोट ठेवलं तर म्हणाले, "दोन मागितले की दोन मिळतात, तू मला मॅटलॅब शिकवतोस?" आणि घड बाजूला काढायची टक्केवारीची मर्यादा, म्हणजे कटऑफच खाली ओढला. चाललंही तसंच. मग मालकाने स्वस्तातला ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा बसवला. तिसरी मितीच गेली, स्तंभ खरा ६४० आला, टक्केवारी खरी झाली आणि जुळवून बसवलेला कटऑफ उघडा पडला. चांगले घड धडाधड रिजेक्टच्या क्रेटमध्ये. ऐन हंगामात, बाहेर ट्रॅक्टरची रांग! मीटिंगमध्ये खापर कुणावर फुटलं? कॅमेऱ्यावर. माझा ईमेल तेव्हाही त्यांच्या इनबॉक्समध्ये होता.

नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) हे झालंच नसतं. तीन मितींच्या शेपसमोर (तिथली साइझ) दोनच नावं ठेवली की तो व्हॅल्यूएरर देऊन तिथेच अडवतो. (तिथे मोजणी शून्यापासून, म्हणून ए.शेप[०] आणि ए.शेप[२].)

वेगवेगळी नावं हवी असतील तर [ओळी, ~, रंग, ~] = साइझ(ए). टिल्ड (~) म्हणजे तो आकडा नको; शेवटची टिल्ड आळसाने गाळू नका, नाहीतर रंगात चौथी मितीही गुणून येईल. मॅटलॅबचं हे सगळं ते बनवणाऱ्या मॅथवर्क्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. वाचणाऱ्यांसाठी.

आता सरांच्या बाजूने एवढंच, की साध्या दोन मितींच्या मॅट्रिक्सला त्यांची ओळ बरोबर आहे. आणि लॅबमध्ये जुनं व्हर्जन असेल तर माझी पहिली ओळ चालणार नाही. तेव्हा साइझ(ए, १) आणि साइझ(ए, ३) वेगवेगळं लिहा. आधी सगळी साइझ घेऊन त्यातला तिसरा आकडा उचलायला जाऊ नका, कारण शेवटच्या मिती १ असल्या तर मॅटलॅब त्या गाळतो आणि इंडेक्सचा एरर येतो. साइझ(ए, ३) मात्र मुकाट्याने १ देतं.