एकाच भांडणात फिर्यादीही आम्ही आणि आरोपीही आम्हीच

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: "बांधावरून दिरांशी जुना वाद आहे. मागच्या महिन्यात दीर आणि त्यांच्याबरोबरचे दोघं असे तिघं आमच्या शेतात आले. दिरांनी फावड्याने मारलं, मिस्टरांचा डावा हात मोडला. सोडवायला धावलेल्या मुलाने काठी मारली, दिरांच्या डोक्याला चार टाके पडले. आम्ही फिर्याद दिली, दुसऱ्या दिवशी त्यांनीही दिली. त्यात मिस्टर आणि मुलगा आरोपी आहेत. मुलाला पोलिसांची नोटीस आली आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतो. गावातले म्हणतात, दोघांनी केस मागे घ्या. नात्यातले एकजण सांगतात, मुलगा तिथे नव्हताच असं लिहून द्या. काय करू?"

ताई, शेवटच्या सल्ल्यापासून सुरू करते, कारण त्याने सगळ्यात मोठं नुकसान होईल. मुलगा तिथे नव्हता असं कुठेही लिहून देऊ नका. तुमच्या फिर्यादीतच "मुलगा सोडवायला आला" असं वाक्य आहे. आता त्याला कागदावर घरी बसवलंत तर तुमची फिर्याद खोटी पडेल, आणि मुलाच्या बचावाचा पायाही जाईल. वडिलांवर फावडं उगारलेलं असताना मुलाने काठी उचलली, तर कायदा त्याला खासगी बचावाचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेतली कलमं ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत, आणि हा हक्क दुसऱ्याचा जीव वाचवतानाही मिळतो. पण "मी नव्हतोच" आणि "मी बचावासाठी मारलं" ही दोन वाक्यं एका तोंडून येऊ शकत नाहीत.

आमच्या तालुका कोर्टात असाच एक खटला मी पाहिला आहे. आरोपी म्हणून उभा असलेला बाप "त्या दिवशी मी बाजारात होतो" ह्यावर ठाम राहिला. त्याच्याच फिर्यादीवरच्या खटल्यात तो साक्षीदार म्हणून आला तेव्हा समोरच्या वकिलांनी फक्त बाजाराचा वार विचारला. बाजार रविवारचा, भांडण मंगळवारचं. त्या माणसाच्या कपाळावरची जखमेची खूण मला माझ्या खुर्चीवरून दिसत होती, पण त्यानंतर त्या जखमेबद्दल कोणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

खासगी बचावाच्या हक्काला मर्यादा आहेत, त्याही ऐका. दीर खाली पडल्यावर किंवा फावडं हातातून सुटल्यावर मारलेली काठी बचाव ठरत नाही. ते टाके नेमके कधी पडले, हे मुलाने वकिलाला खरं-खरं सांगितलं पाहिजे. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं. पोलीस ठाण्यात मात्र भावनेच्या भरात सगळं ओतून येऊ नये. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कोणावर करता येत नाही, हा संविधानाच्या अनुच्छेद २० चा हक्क आहे. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच सही करायची नाही.

आता नोटीस. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची आहे. ती म्हणजे अटक नव्हे, उलट अटक टाळण्याची वाट आहे. मुलावर लावलेल्या कलमांना जास्तीत जास्त ३ वर्षं शिक्षा आहे. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नये, अटक का गरजेची आहे हे कागदावर लिहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार खटल्यात बजावलं आहे. तेव्हा मुलाने मामाकडे जाऊन लपायचं नाही. दिलेल्या तारखेला, वेळेवर, वकिलाला बरोबर घेऊन जायचं आणि हजर झाल्याची पोच घ्यायची. न गेल्यास तेच अटकेचं कारण होतं. तरीही मुलावरचं न्याय संहितेचं कलम ११८(१), म्हणजे हत्याराने साधी दुखापत, अजामीनपात्र असल्यामुळे सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का, हे तारखेच्या आधी वकिलाशी ठरवून घ्या. अटक झालीच, तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी करणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेणं पोलिसांना बंधनकारक आहे. मुलाच्या पाठीवर वळ आहेत असं तुम्ही लिहिता, पण त्याची एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठी दवाखान्यात होणारी जखमांची नोंद, झालेलीच नाही. हजर होईल तेव्हा त्याने लेखी अर्ज देऊन मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी डॉक्टरांना द्यायचं पत्र, मागावी. वळ पुसट झाले असतील. भांडणाच्या रात्री फोनवर काढलेले फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या, तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.

हे सगळं दिरांनाही लागू आहे, ताई. त्यांनाही नोटीस मिळेल, जामीन मिळेल, वकील मिळेल. ते जामिनावर सुटले म्हणजे पोलीस विकले गेले, असं मनात आणू नका. ज्या कलमाने तुमचा मुलगा घरी झोपतो, त्याच कलमाने तेही घरी झोपतील.

तुमच्या फिर्यादीकडे मात्र लक्ष द्यायला हवं, कारण मुलाच्या काळजीत ती मागे पडली आहे. तुम्ही पाठवलेल्या फिर्यादीच्या फोटोत दिरांवरही ११८(१), म्हणजे साध्या दुखापतीचंच कलम लावलंय. फिर्याद लिहिली तेव्हा एक्स-रे झाला नव्हता. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापत आहे. फावड्यासारख्या हत्याराने ती केली असेल तर कलम ११८(२) लागू शकतं, ज्याची शिक्षा किमान १ वर्षापासून जन्मठेपेपर्यंत जाते. एक्स-रेची प्लेट, अहवाल आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती जोडून तपासी अंमलदारांना कलमवाढीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दखल घेतली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

फिर्यादीची प्रत तुम्हाला दिली नाही आणि फोटो काढून न्यायला सांगितलं, हे चुकीचं झालं. प्रत विनामूल्य मिळणं हा तुमचा हक्क आहे. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. दोषारोपपत्राची प्रत पूर्वी आरोपीलाच मिळायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत वकिलामार्फत हजर असलेल्या पीडितालाही ती विनामूल्य मिळते, म्हणून मिस्टरांनी त्यांच्या खटल्यात वकीलपत्र लवकर दाखल करावं. खटला सरकारी वकील चालवतात, पण कोर्टाच्या परवानगीने तुमचा वकील त्यांना मदत करू शकतो. दीर सुटले तर अपील करायचा हक्कही पीडिताला स्वतंत्रपणे आहे.

पैशांचं तुम्ही लिहिलंय. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. मिस्टर आणि मुलगा कोणत्या अटीत बसतात तेही तिथेच कळेल.

एकमेकांविरुद्धचे असे दोन गुन्हे कोर्टात एकाच न्यायाधीशांपुढे, एकामागून एक चालावेत, पुरावा वेगळा ठेवावा आणि दोन्ही निकाल एकाच दिवशी द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये नथीलाल आणि २००१ मध्ये सुधीर खटल्यात सांगितलं आहे. दोषारोपपत्रं आल्यावर दोन्ही खटले वेगळ्या कोर्टांत दिसले तर वकिलांनी लगेच अर्ज करावा. एका बाजूच्या जखमा लपवून दुसऱ्याच्या तेवढ्या दाखवल्या, तर तेही दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं.

तडजोडीला माझा विरोध नाही. भाऊ-भाऊ आहात, बांध तोच राहणार आहे. पण पाचशेच्या स्टॅम्पवर पंचांनी लिहिलेल्या कागदाने हे गुन्हे मिटत नाहीत. कलम ११८ तडजोडपात्र नाही. खरोखर समेट झाला तर दोन्ही गुन्हे रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयात एकत्र जावं लागेल, आणि मान्य करायचं की नाही ते न्यायालय ठरवेल. आधी तुम्ही साक्ष फिरवायची, मग ते फिरवतील, असला सौदा करू नका.

भरतीच्या अर्जात किंवा पडताळणीच्या फॉर्ममध्ये "गुन्हा दाखल आहे का" असं विचारलं तर मुलाने "हो" लिहावं, गुन्हा क्रमांकासह. प्रलंबित गुन्ह्याचा काय परिणाम होईल हे नेमणूक करणारे ठरवतात. लपवल्याचं उघड झालं तर मात्र मिळालेली नोकरीही जाऊ शकते. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने ह्याचा सविस्तर विचार केला आहे.

राहिला बांध. भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज ह्याच आठवड्यात टाका. मोजणीदार येईपर्यंत घरातल्या पुरुषांनी त्या बाजूच्या सरीला जाऊ नये. पाणी द्यायचंच असेल तर गडी पाठवा.