झेडची फेरीच का रखडते?

तुझी अडचण अशी, की संत्र्याच्या सीटी स्कॅनचा ५१२ × ५१२ × ५१२ चा ठोकळा आहे, सी मध्ये स्वतः लिहिलेला एफएफटी (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म, डेटा लहरींत फोडायची जलद रीत) आहे, एक्स दिशेची फेरी भुर्रकन होते आणि झेडची संपता संपत नाही. गणित कुठे चुकलं, असं विचारतोस.

गणित बरोबर आहे, भाऊ. व्याख्येप्रमाणे सरळ बेरजा केल्या असत्या तर १८० कोटी कोटी गुणाकार. तीन दिशा सुट्या केल्या की २०,६०० कोटी. प्रत्येक ओळीला कूली आणि ट्यूकी यांची १९६५ ची एफएफटीची रीत लावली की साधारण ३६० कोटी. पण हे तिन्ही फेऱ्यांत सारखेच वाटले जातात. मग झेडच का अडते? मेमरीमुळे.

तुझी एक संमिश्र संख्या ८ बाइटची. एक्सवर शेजारी लगेच सापडतो, वायवर ४ केबी दूर, झेडवर थेट २ एमबी. प्रोसेसर मात्र एका वेळी ६४ बाइट उचलतो, म्हणजे आठ संख्या. नागपूरच्या कळमना बाजारातून संत्र्यांचा अख्खा क्रेट आणायचा, एक संत्रं ठेवायचं, बाकी परत पाठवायचं, असं चाललंय तुझं. म्हणून झेडचे आठ शेजारी स्तंभ एकदम छोट्या बफरमध्ये घे, तिथे एफएफटी कर, परत लिही. निम्मं दुखणं इथेच जातं.

उरलेलं ५१२ या आकड्यात आहे. ४ केबीच्या पटीतले पत्ते ३२ केबीच्या आठ-वे कॅशमध्ये (प्रोसेसरजवळची छोटी जलद मेमरी, जिच्या प्रत्येक कप्प्यात आठच जागा) एकाच कप्प्यात जाऊन एकमेकांना ढकलतात. मी पूर्वी ओळ ५२० ची केली आणि खूश झालो. वाय सुधारला, झेड तसाच. कारण ५१२ × ५२० × ८ हीसुद्धा ४०९६ चीच पट! प्रतलात ओळीही ५१३ ठेव, मग दोन्ही दिशांना पत्ता ६४ बाइटने सरकतो.

मूळ डेटा वास्तव संख्यांचा आहे ना? मग अर्धं उत्तर आरशातलं असतं; ५१२ × ५१२ × २५७ एवढंच साठव. डीसीटीलाही (फक्त कोसाइन लहरींचं असंच रूपांतर) हाच फेऱ्यांचा हिशोब. शिकून झालं की एफएफटीडब्ल्यू ही तयार लायब्ररी वापर, फक्त ‘मेजर’ने (वेगवेगळ्या रीती मोजून बघणारा पर्याय) प्लॅन आधी बनव आणि डेटा नंतर भर, तो पर्याय ॲरे पुसतो. माझी एक रात्र त्यात गेली.

आणि वेळ सकाळी मोज. आपल्या मे महिन्यात दुपारी कूलरसमोरसुद्धा लॅपटॉप तापून मंदावतो, मग दोष कोडचा की उन्हाचा, कळत नाही.