सेन्सर नेटवर्कमध्ये रीडिंग उशिरा पोचतं, काय करू?

तुमचा प्रश्न असा: निपाणीजवळ उसात ओलाव्याचे सेन्सर लावलेत, शेवटचं रीडिंग सहा टप्पे करत घरच्या गेटवेवर (सगळी रीडिंग गोळा करणाऱ्या यंत्रावर) येतं आणि त्याला तीन-चार सेकंद लागतात. जास्त वेगाचा रेडिओ घ्यावा का?

नको, पैसे वाचवा. तुमच्या 802.15.4 रेडिओचा (हे कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओंचं मानक) वेग सेकंदाला 250 किलोबिट आहे. 127 बाइटची सगळ्यात मोठी फ्रेमसुद्धा (एका वेळी पाठवायचा माहितीचा गठ्ठा, म्हणजेच पॅकेट) हवेत जेमतेम 4 मिलिसेकंद असते. वेळ जातो तो झोपेत. बॅटरीसाठी प्रत्येक नोड (सेन्सर आणि रेडिओचा एक डबा) सेकंदातून एकदाच जागा होतो म्हणता, म्हणजे दर टप्प्याला सरासरी अर्धा सेकंद थांबणं आलं. सहाचे झाले तीन. कणकुंबीहून येऊन बेळगावात उतरावं आणि निपाणीची गाडी नुकतीच सुटलेली असावी, तसंच हे. गाडी जोरात पळवून काय होणार? वेळा जुळवा.

शेवटचा नोड जागा झाला की त्याच्या पुढचा 20 मिलिसेकंदांनी उठेल, मग त्याच्या पुढचा, असं गेटवेपर्यंत लावा. मात्र घड्याळं सरकतात. दोन नोडच्या क्रिस्टलमध्ये (घड्याळ चालवणाऱ्या स्फटिकात) 40 पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत 40 चा फरक असला, तर मिनिटाला 2.4 मिलिसेकंद. म्हणून दर दोन मिनिटांनी गेटवेकडून वेळ मिळवून घ्या. हे सगळं हातानं लिहायचं नसेल तर कॉन्टिकी-एनजी या नोडसाठीच्या मोफत प्रणालीत टीएससीएच, म्हणजे प्रत्येक नोडला वेळेचे ठरलेले खण देणारी पद्धत, तयार आहे. त्यातल्या खणांचा क्रम तेवढा शेवटच्या नोडकडून गेटवेकडे लावा.

आता खरी डोकेदुखी. खानापूरकडे आम्ही नोड बसवले तेव्हा ऊस गुडघ्याएवढा होता, सगळं झकास. श्रावणात तो डोक्यावर गेला आणि उशीर दुप्पट झाला. ओली पानं 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल खातात. पॅकेट हुकलं की पुन्हा पाठवायला तसे 4 मिलिसेकंदच लागतात, पण पुढचा नोड तोवर झोपलेला, म्हणजे अख्खा सेकंद गेला! आम्ही प्रोग्रामशी आठवडाभर झटापट केली. शेवटी चिव्याच्या उंच काठ्या रोवून अँटेना उसाच्या वर काढले, तेव्हा कुठे जमलं.

घरात वायफाय असेल तर त्याच्या गोंगाटापासून दूर असलेला रेडिओचा चॅनेल 26 वापरून बघा. आणि ओलाव्याला तीन सेकंदांनी काही बिघडत नाही हो. मोटर कोरडी चालल्याचा इशारा मात्र रांगेत सगळ्यांच्या पुढे घ्या.

काठ्यांना लाल फडकं बांधा. आमचे दोन नोड तोडणीच्या टोळीनं उसाबरोबर मोळीत बांधले होते.