कॅनडात ग्लोबल टॅलेंट स्ट्रीममधून डेव्हलपर आणायला खरंच दोनच आठवडे लागतात का?

तुमची वॉटरलूत अठरा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, पुण्यातल्या एका बॅकएंड डेव्हलपरला घ्यायचंय आणि ग्लोबल टॅलेंट स्ट्रीम या परदेशी कुशल माणसं लवकर आणायच्या सरकारी योजनेतून 'दोन आठवड्यांत काम होतं' असं कुणीतरी सांगितलंय. ते अर्धं खरं आहे.

दोन आठवडे दोनदा लागतात. आधी तुमचे. एलएमआयएचा (परदेशी माणूस घ्यायला कंपनीला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा) अर्ज १० कामकाजाच्या दिवसांत निकाली काढायचं सर्व्हिस कॅनडा या सरकारी यंत्रणेचं उद्दिष्ट आहे. तो मंजूर झाला की उमेदवार वर्क परमिटचा अर्ज करतो. कॅनडाबाहेरून केलेल्या पूर्ण अर्जासाठी आयआरसीसीचं (इमिग्रेशन खात्याचं) उद्दिष्ट पुन्हा दोन आठवड्यांचं. हमी दोन्हीकडे नाही. योजना जून २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून या दोन आकड्यांची बेरीज करून उमेदवाराला रुजू व्हायची तारीख कळवणारे लोक आहेत. मी तयारीसकट तीन महिने धरायला सांगेन.

तुमचं काम 'ब' गटात बसतं, म्हणजे ठरावीक व्यवसायांच्या यादीतलं. 'अ' गटाला मान्यताप्राप्त संस्थेची शिफारस लागते आणि वर्षातल्या पहिल्या दोन जागांना किमान ८०,००० डॉलर पगार, तिसरीपासून १,५०,०००. त्या वाटेला तुम्ही जायचं कारण दिसत नाही. जाहिरात देऊन स्थानिक माणूस शोधल्याचा पुरावा या योजनेत सक्तीचा नाही, खरी सवलत ती.

व्यवसायाचा कोड (सरकारी वर्गीकरणातला) कामावरून ठरवा, हुद्द्यावरून नाही. २१२३१ सॉफ्टवेअर इंजिनियरचा, २१२३२ डेव्हलपरचा. ऑफर लेटरवर एक आणि कामाच्या वर्णनात दुसरंच, असं असलं की अधिकाऱ्याचा फोन आलाच म्हणून समजा.

पगार तीन आकड्यांतला सर्वांत मोठा द्यावा लागतो: जॉब बँक या सरकारी संकेतस्थळावरचा त्या कोडचा मध्यक, त्याच जागी तेच काम तितक्याच अनुभवाने करणाऱ्या तुमच्या माणसांचा पगार, आणि यादीत किमान पगार दिला असेल तर तो. मध्यक बघताना टोरोंटोचा नको, किचनर-वॉटरलू-बॅरी विभागाचा घ्या. बोनस आणि शेअर यात धरत नाहीत. मूळ पगार कमी ठेवून शेअर देणाऱ्या स्टार्टअप इथेच अडकतात.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो लेबर मार्केट बेनिफिट्स प्लॅन, म्हणजे तुमच्यामुळे कॅनडातल्या लोकांना काय फायदा होईल याचा लेखी आराखडा. एक सक्तीचं उद्दिष्ट ('ब' गटात कौशल्य आणि प्रशिक्षणावरची गुंतवणूक) आणि वर किमान दोन पूरक, प्रत्येकाखाली निदान एक ठोस कृती. 'कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला प्रोत्साहन देऊ' हे वाक्य परत येतं. 'पाच डेव्हलपरना क्लाउड सर्टिफिकेशन, प्रत्येकी १,५०० डॉलर, ३१ डिसेंबरपर्यंत' किंवा 'वर्षाला दोन को-ऑप विद्यार्थी, चार महिने, पगारी' असं लिहा (को-ऑप म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कंपनीत काम करणारे). अधिकारी फोनवर घासाघीस करतो, तेव्हा भरात आकडे वाढवू नका. दर वर्षी आढावा होतो आणि तिथे पावत्या दाखवाव्या लागतात. कागद सहा वर्षं जपायचे असतात.

कंपनी खरी आहे हे दाखवायला टी४ समरी (दिलेल्या पगारांचा वार्षिक गोषवारा), टी२ चे (कंपनीच्या प्राप्तिकर विवरणपत्राचे) परिशिष्ट १०० व १२५ अशी कागदपत्रं तयार ठेवा. सीए किंवा वकिलाचं पत्र २८ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. जुन्या ब्लॉगवर अजून ते लिहिलेलं सापडेल. एलएमआयएचं शुल्क जागेमागे १,००० डॉलर, नामंजूर झालं तरी परत नाही, आणि ते उमेदवाराकडून वसूल करता येत नाही. पुण्यात 'एलएमआयए मिळवून देतो' म्हणून लाखांत पैसे मागणारे एजंट आहेत. तुमच्या उमेदवाराला हे आधीच सांगून ठेवा.

आता उमेदवाराची बाजू. मेडिकल आयआरसीसीच्या पॅनेलवरच्याच डॉक्टरकडे होतं, फॅमिली डॉक्टरचं चालत नाही. ते अर्जाआधीच करून घेता येतं, एलएमआयएची वाट बघत बसू नये. बायोमेट्रिक्सची अपॉइंटमेंट व्हीएफएसकडे (व्हिसा अर्ज केंद्रात), आणि तिथे आठवडा सहज जातो. एलएमआयएची मुदत मे २०२४ पासून सहाच महिने आहे, त्यामुळे नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर हिशेब आधी करा. परमिट तुमच्या कंपनीपुरतंच असतं.

त्याला पीआरची (कायमच्या रहिवासाची) घाई असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगा: २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवरून पीआरसाठी निवडायच्या पद्धतीत) नोकरीच्या ऑफरचे गुण मिळत नाहीत. कॅनडातल्या कामाच्या अनुभवाचे मिळतात.

बायको बरोबर येणार असेल तर तिच्या ओपन वर्क परमिटच्या (कुठल्याही कंपनीत काम करू देणाऱ्या) अर्जाच्या दिवशी त्याच्या परमिटचे किमान १६ महिने उरलेले हवेत. म्हणून नोकरी वर्षाची दाखवू नका, दोन वर्षांची दाखवा. आणि विवाह नोंदणीचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आत्ताच करून घ्यायला सांगा.