शीळ घातली की शिट्टी फुंकली?

प्रश्न: मी इंग्रजीत एक गोष्ट लिहितेय, त्यात तो तिच्या खिडकीखाली उभा राहून शीळ घालतो. मी 'ही ब्लू अ व्हिसल' लिहिलं तर मैत्रीण हसतच सुटली, म्हणे हा प्रियकर आहे का रेफरी? नक्की काय चुकलं, आणि व्हिसलबरोबर अजून कुठले शब्द जातात?

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर आहे. आपल्याकडे ओठांनी घालतो ती शीळ आणि फुंकायची ती शिट्टी, तसं तोंडानेही आपण शिट्टी मारतोच म्हणा, पण इंग्रजीत दोन्हीला व्हिसलच, त्यामुळे सगळा भार क्रियापदावर येतो. ब्लो म्हटलं की हातात वस्तू आली, रेफरीची नाहीतर पोलिसाची. लंडनच्या पोलिसांकडे आधी लाकडी खडखडे असायचे, १८८० च्या दशकात त्यांच्या जागी शिट्टी आली, ती ब्लो करायची. गैरप्रकार उघड करणारा व्हिसलब्लोअर त्याच घरातला.

ओठांची असेल तर नुसतं 'ही व्हिसल्ड' पुरतं. 'लेट आउट अ लो व्हिसल' पण छान आहे, फक्त ते बहुतेकदा थक्क झाल्यावर येतं, म्हणजे कुणी मोठा आकडा सांगितला आणि याच्या तोंडून आपोआप बारीक शीळ निघाली, तसं. गाणं असेल तर 'व्हिसल अ ट्यून'. मोठ्याने शिट्टी मारली म्हणून 'बिग व्हिसल' लिहू नका हं, ती आकाराने मोठी होते, आवाजाला लाऊड. शार्प म्हणजे छोटी नि झटक्यात, श्रिल म्हणजे चिरकी, पिअर्सिंग म्हणजे थेट कानात घुसणारी. वारा फटीतून सूं सूं करतो तेही व्हिसलच, आणि गोळी कानाजवळून सूंकन गेली तर 'व्हिसल्ड पास्ट'.

तुमच्या गोष्टीत खरी गंमत पुढच्या छोट्या शब्दात आहे, तिथेच घोळ होतो. 'व्हिसल्ड टू हर' म्हणजे तिला खूण केली, हे तुम्हाला हवंय, सोबत सॉफ्टली टाका. 'व्हिसल्ड फॉर' कुत्र्याला किंवा टॅक्सीला बोलवताना. आणि 'व्हिसल्ड ॲट हर' लिहिलंत तर तो रस्त्यावरचा छेड काढणारा झाला, त्या शिट्टीला वुल्फ व्हिसल म्हणतात, मग तिने खिडकी धाडकन लावून घेतली असंच पुढे लिहावं लागेल.